द्रवणांकाची एकच चौकट

डीएससी म्हणजे पदार्थ तापवताना तो कुठल्या तापमानाला किती उष्णता घेतो याचा आलेख काढणारं यंत्र. ते वापरू देणाऱ्या केंद्राच्या फॉर्मवर ‘द्रवणांक’ अशी एकच चौकट होती. त्या चौकटीने माझे २३ दिवस खाल्ले आणि अजूनही आठवलं की चिडचिड होते. पुढे कुणी लिक्विड क्रिस्टल (वितळून वाहू लागला तरी थोडं स्फटिकपण टिकवणारा पदार्थ) घेऊन अशा केंद्राच्या खिडकीवर जाणार असेल तर त्याचे तरी दिवस वाचावेत, म्हणून लिहितेय.

माझा पदार्थ हेक्झाडेसिल मिथाइल इमिडाझोलियम हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट. नाव लांबलचक, पण दिसायला साधी पांढरी भुकटी. १०० अंशांच्या खाली वितळणारं मीठ म्हणजे आयनिक लिक्विड, आणि हे साधारण ७५ ला वितळतं. पण त्याला १६ कार्बनची शेपटी आहे. ७५ ला शेपट्या सैल होतात, आयनांची डोकी मात्र थर सोडत नाहीत. थर एकमेकांवरून सरकतात म्हणून ते वाहतं, पण थर शाबूत असतात म्हणून स्फटिकपण अजून शिल्लक असतं. ही स्मेक्टिक अवस्था, लिक्विड क्रिस्टलचा एक प्रकार. सुमारे १२५ ला थर मोडतात आणि गढूळ लगदा पाण्यासारखा स्वच्छ होतो. सरांना हे पीव्हीसी प्लास्टिकमध्ये नेहमीच्या डीओपीऐवजी प्लास्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ करणारा पदार्थ, म्हणून घालून बघायचं होतं (डीओपी प्लास्टिकमधून हळूहळू बाहेर येतं, ही जुनीच तक्रार). त्यासाठी दोन्ही तापमानं पक्की हवी होती.

पदार्थ बनवायला त्रास झाला नाही. डीएससी मात्र आमच्या कॉलेजात नाही, म्हणून एसटीने पाच तासांवरचं केंद्र गाठलं.

पहिल्यांदा चौकटीत ‘७५, १२५’ लिहिलं. खिडकीवरच्या मॅडम म्हणाल्या, “एकच आकडा लिहा.” रांग मोठी होती, मी ७५ ठेवला. आठवड्याने आलेख आला तो १०० अंशांवर संपलेला! फॉर्ममधल्या द्रवणांकापुढे २५ अंश एवढंच तापवायचं, असा तिथला नियम. पैसे गेले आणि मला हवं ते १२५ चं शिखर आलंच नाही.

दुसऱ्या फेरीत ‘७५ ते १२५’ लिहिलं. फॉर्म शेऱ्यासह परत आला: ‘रेंज ५० अंश. सॅम्पल अशुद्ध. शुद्ध करून आणावे.’ तीन वेळा रिक्रिस्टलायझेशन करून (विरघळवून पुन्हा स्फटिक काढून) शुद्ध केलेलं सॅम्पल होतं ते. अशुद्ध पदार्थ लांबलचक रेंजमध्ये वितळतो हा नियम खराच आहे, प्रॅक्टिकलला मीही मुलांना तोच शिकवते. पण इथे रेंज नव्हती, दोन वेगळ्या घटना होत्या. १८८८ मध्ये प्रागच्या राइनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेंझोएटमध्ये हेच दिसलं होतं: १४५.५ ला वितळून गढूळ, १७८.५ ला स्वच्छ. लिक्विड क्रिस्टलचा इतिहासच दोन द्रवणांकांपासून सुरू होतो. हे सगळं मी खिडकीवर उभं राहून सांगितलं. मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “लेखी काही आहे का?”

परतीच्या एसटीत राग अनावर झाला होता. पण तो प्रश्न बरोबर होता, हे आज मान्य करते.

आमच्या भूगर्भशास्त्र विभागात खडकांचे छेद बघायचा पोलरायझिंग मायक्रोस्कोप आहे. तिथल्या सरांनी दुपारभर वापरू दिला. पितळेच्या जाड, मधोमध भोक असलेल्या पट्टीवर स्लाइड ठेवून हॉटप्लेटवर तापवली आणि पट्टीसकट मायक्रोस्कोपखाली धरली. सगळं काळंच. पुन्हा केलं, पुन्हा काळं. थर काचेला समांतर पहुडले की असंच दिसतं, हे रात्री वाचलं. दुसऱ्या दिवशी चिमट्याने कव्हरस्लिप किंचित सरकवली आणि उजळ तेलकट रेघा उमटल्या, बुडबुड्यांच्या कडेला पंख्यासारख्या आकृत्या. हीच स्मेक्टिक अवस्थेची खूण. मी अक्षरशः ओरडले.

तो फोटो, खाली तीन ओळी आणि ‘कृपया १५० पर्यंत तापवावे’ अशी सरांच्या सहीची विनंती जोडली. दुसऱ्याच दिवशी मंजूर. तेव्हा फोटो पहिल्या फेरीलाच जोडा आणि कुठपर्यंत तापवायचं ते स्वतः लिहून द्या.

एक राहिलंच: सॅम्पल नेण्याआधी ते ज्या पाण्याने धुतलं त्याचे थेंब सिल्व्हर नायट्रेटमध्ये टाकून बघा. गढूळपणा आला तर हॅलाइड (क्लोराइड, ब्रोमाइड वगैरे) उरलंय, पुन्हा धुवा. नंतर व्हॅक्यूममध्ये रात्रभर सुकवा. हे मीठ ओलं ठेवून तापवू नका, हेक्झाफ्लुओरोफॉस्फेट पाण्याबरोबर फुटून हायड्रोजन फ्लोराइड होतं. ते काच खातं आणि माणसालाही सोडत नाही. आणि दोनदा तापवायला सांगा. पहिल्या वेळी सॅम्पलचा आधीचा इतिहासच आलेखात उतरतो, आकडे दुसऱ्या वेळचे घ्या.

माझ्या दुसऱ्या वेळच्या आलेखात ७५ च्या आसपास उंच शिखर आहे. १२५ च्या थोडं अलीकडे एक अगदी बुटकं, कारण थर मोडायला ऊर्जा फार लागत नाही. बघणाऱ्याला तो नुसता उंचवटा वाटेल. मी त्याची प्रिंट टेबलासमोर चिकटवली आहे.