सोळा एमबीच्या पाच हजार फायली

"सर, डिस्क भरत आलीया. पीजी वॉलमधी लई फायली हाईत. जुन्या उडवू काय?"

रात्री पावणेदोनचा फोन. मी अंथरुणातूनच ओरडलो, "एकही फाईल उडवू नकोस! कशाला हात लावू नकोस, मी बघतो."

फोन होता निपाणीच्या बाजूच्या एका साखर कारखान्यातून. रात्रपाळीचा पोरगा, सिस्टिम विभागात लागून जेमतेम दोन महिने झालेले. त्याचं काही चुकलं नव्हतं. डिस्क भरली की जुनं काढून टाकायचं, ही सवय आपल्याला मोबाईलनंच लावलीय. पण कारखान्याचा डेटाबेस पोस्टग्रेसवर चालतो, आणि त्यात कुठलाही बदल आधी वॉल फाईलमध्ये, म्हणजे बदलांच्या आगाऊ नोंदीत, लिहिला जातो, टेबलात नंतर उतरतो. मधेच वीज गेली तर डेटाबेस सावरतो तो याच फायलींच्या जोरावर. २०१७ साली आवृत्ती १० येईपर्यंत या 'पीजी वॉल' फोल्डरचं नाव 'पीजी एक्सलॉग' होतं. नावात 'लॉग' दिसतंय म्हणून लोक त्यातल्या फायली बिनधास्त डिलीट करायचे आणि मग डेटाबेस सुरूच व्हायचा नाही. शेवटी नावच बदलावं लागलं. नाव बदलूनही त्या रात्री आम्ही एका एंटरवर येऊन ठेपलो होतो.

मी बेळगावात टिळकवाडीत राहतो. कारखाना सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. गाडी काढण्यात वेळ घालवला नाही, लॅपटॉप उघडून व्हीपीएननं, म्हणजे सुरक्षित दूरजोडणीनं, कारखान्याच्या सिस्टिममध्ये शिरलो. मुख्य सर्व्हरवर ३ जीबी शिल्लक. मिनिटाला किमान एक वॉल फाईल तयार होत होती, प्रत्येक १६ एमबीची. तासाला जवळपास १ जीबी. म्हणजे हातात फार तर पावणेपाचपर्यंतचा वेळ. त्यापुढे वॉल लिहायला जागा नाही, पोस्टग्रेस बंद, वजनकाटा बंद.

"बाहेर गाड्या किती आहेत रे?"

"साठ-सत्तर तरी असतील सर. बैलगाड्या येगळ्या."

जानेवारीचा मध्य, गळीत हंगाम ऐन भरात. तोडलेला ऊस गाडीत जितका वेळ पडून राहील तितकं त्याचं वजन घटतं. काटा थांबला तर भुर्दंड रांगेतल्या शेतकऱ्यालाच. माझा बाप असाच ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून रात्र काढायचा, त्यामुळे ती रांग मला घरबसल्याही दिसत होती.

फायली साचायचं कारण बॅकअप सर्व्हरवर होतं. जुन्या ऑफिसच्या इमारतीत तो ठेवलाय आणि त्याची डिस्क एनएफएसनं, म्हणजे नेटवर्कवरून, मुख्य सर्व्हरला जोडलीय. भरलेली प्रत्येक वॉल फाईल तिथं कॉपी होते. कॉपी झाल्याची खात्री पटेपर्यंत पोस्टग्रेस आपल्याकडची फाईल सोडत नाही. बघतो तर तिथली २ टीबीची डिस्क शंभर टक्के, शिल्लक शून्य. बॅकअप अडला म्हणून मुख्य सर्व्हर तुंबला होता. साडेतीन दिवस हे चाललं होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. देखरेखीची स्क्रिप्ट बॅकअप सर्व्हरची फक्त सिस्टिमची डिस्क तपासत होती, डेटाची वेगळी डिस्क तिच्या यादीतच नव्हती. ती स्क्रिप्ट मी लिहिलेली.

आता जागा करायची, पण काही न पुसता. अर्ध्या झोपेत कुठली फाईल नको ते ठरवायचं नाही, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. तेव्हा ईएक्सटी-फोरची राखीव जागा आठवली. डिस्कवर फायली मांडायची लिनक्सची ही पद्धत (फाईल सिस्टिम) बनवतानाच पाच टक्के जागा रूटसाठी, म्हणजे सिस्टिमच्या मुख्य युजरसाठी, राखून ठेवते. सिस्टिमच्या डिस्कवर ते ठीक आहे, पण आमच्या नुसत्या डेटाच्या डिस्कवर नव्वदच्या वर जीबी तशीच पडून होती आणि कॉपी करणाऱ्या पोस्टग्रेस युजरला तिला हात लावता येत नव्हता. ट्यून-टू-एफएसनं राखीव जागा शून्यावर आणली. डिस्क चालू असतानाच हे करता येतं. एका कमांडनं जागा मोकळी.

पण कॉपी काही सुरू होईना.

पाठवायच्या राहिलेल्या प्रत्येक फाईलसाठी पोस्टग्रेस 'रेडी' अशी एक खूण ठेवतं. मी त्या मोजत होतो. ५०४३. मिनिटानं ५०४४. कमी व्हायच्या ऐवजी वाढत होत्या. अडीच वाजून गेले होते. बॅकअपवरच्या शेवटच्या फाईलची लांबी बघितली तेव्हा कोडं सुटलं. सगळ्या फायली १,६७,७७,२१६ बाइटच्या, ही एकच नऊ एमबीच्या आसपास. डिस्क भरली त्या क्षणी कॉपी अर्ध्यावर तुटली होती. आणि आमची कॉपीची कमांड आधी बघते की त्या नावाची फाईल तिथं आहे का. असेल तर तिच्यावर लिहीत नाही. नियम चांगलाच आहे, पण इथं तो अर्धवट फाईलचीच राखण करत बसला होता. मी ती फाईल पुसली नाही, नाव बदलून बाजूला ठेवली.

मिनिटभरानं ५०५२. मग ५०३१. मग ४९७०.

पोरगा फोनवरच होता. "सर, उतरायलीया!" एवढंच म्हणाला. साडेतीनला आकडा शून्य झाला आणि पुढच्या चेकपॉइंटनंतर, म्हणजे साठलेले बदल टेबलात उतरवून झाल्यावर, मुख्य सर्व्हरवरची जागा सुटायला लागली. काटा एकदाही थांबला नाही.

सकाळी कारखान्यावर गेलो. मॅनेजरसाहेबांनी पहिलाच प्रश्न विचारला, "शेतकऱ्यांची नावं कन्नड आणि मराठी दोन्हीत ठेवताय, म्हणून भरतेय काय डिस्क? एक भाषा काढली तर?" मी कागद ओढला. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत दोन्ही लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, इंग्रजीला १. 'पाटील' म्हणजे १५ बाइट. वीस हजार शेतकरी आणि प्रत्येकाच्या नाव-गावाला साठ चिन्हं धरली तरी एका भाषेचे ३.६ एमबी, दोन्हींचे ७.२. एका वॉल फाईलच्या निम्मेसुद्धा नाहीत. आपल्या भागात पावतीवरची भाषा ही नुसती छपाईची बाब नाही. ज्याला जी वाचता येते तिच्यात त्याला त्याच्या उसाचं वजन कळायला पाहिजे. साहेबांनी कागद बघितला आणि "ऱ्हाऊ दे मग" म्हणाले.

खरं कारण दुसरंच होतं. 'एक पावतीसुद्धा हरवता कामा नये' म्हणून नोव्हेंबरात मी दर मिनिटाला नवी वॉल फाईल पाडायची सेटिंग केली होती. फाईलमध्ये चार पावत्या असोत की चारशे, ती १६ एमबीचीच. दिवसाला १४४० फायली, साडेबावीस जीबी. त्यात आठवड्याच्या पूर्ण बॅकअपांपैकी शेवटचे चार ठेवून जुने काढायची सोय मी केली होती, पण त्यांच्याबरोबरच्या वॉल फायली काढायची राहून गेली होती. ज्यांचा मूळ बॅकअपच उरला नाही, त्या वॉल फायली कशाच्याच उपयोगाच्या नसतात. आमच्याकडे त्या जवळपास १ टीबी होत्या.

सगळ्यात जुना शिल्लक बॅकअप कुठल्या वॉलपासून सुरू होतो ते काढलं. जुन्या वॉल फायली काढणारं पीजी अर्काइव्ह क्लीनअप आधी नुसतं यादी दाखवायला लावून चालवलं. त्या पोरानं आणि मी यादीची दोन्ही टोकं ताडून बघितली, मगच खरं चालवलं. फाईल पाडायची वेळ एका मिनिटावरून पाच मिनिटांवर नेली आणि कॉपी करताना कॉम्प्रेशन लावलं. अर्धीअधिक रिकामी फाईल दाबली की अगदी लहान होते. राखीव जागा एक टक्क्यावर ठेवली. देखरेखीच्या यादीत डेटाची डिस्क घातली आणि तिच्याखाली 'रेडी'चा आकडा.

संध्याकाळी एका जुन्या मशिनवर बॅकअप उतरवून डेटाबेस पहाटे तीन दहाच्या स्थितीपर्यंत आणला. पोरानं काट्यावरून त्या वेळच्या एका पावतीची प्रत आणली होती. तो नंबर वाचत गेला, मी स्क्रीनवर बघत गेलो. भरलेलं वजन, रिकामं वजन, निव्वळ वजन, आणि त्याखाली नाव, कन्नडमध्ये एकदा, मराठीत एकदा.