रस वेगळा, साल वेगळी: सॅल्मनची हिवाळी वही

दिवाळीनंतर रावस जरा बाजूला ठेवून खऱ्या सॅल्मनकडे वळायचं ठरवलं होतं. वळलो. नोव्हेंबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत जे केलं, ते वहीत टिपत गेलो. मधल्या दोन-तीन खेपा गाळतोय, कारण त्यांत नवं काही हाती लागलं नाही. बाकी फसलेलंही जसंच्या तसं देतोय. लिंबू-संत्रं लावून मासा करणाऱ्या कुणाचे तरी पैसे वाचतील.

आधी मासा कोणता ते सांगतो, कारण माझी पहिली चूक तिथूनच सुरू झाली. रावसाला बाजारात ‘इंडियन सॅल्मन’ म्हणतात, पण दोघांचं नातं काही नाही. रावस आपल्या किनाऱ्याचा. आपल्याकडे फ्रोझन येतो तो बहुतेक अटलांटिक सॅल्मन, नॉर्वेसारख्या थंड समुद्रात जाळीच्या पिंजऱ्यांत वाढवलेला. त्याच्या मांसाचा केशरी रंग अ‍ॅस्टॅझँथिन नावाच्या द्रव्याचा असतो आणि ते खाद्यातून येतं. आपल्या कामाची गोष्ट मात्र चरबीची आहे. पिंजऱ्यातल्या सॅल्मनमध्ये शंभर ग्रॅममागे साधारण १३ ग्रॅम चरबी असते. हा आकडा मी डिसेंबरच्या मध्यापर्यंत मनावरच घेतला नव्हता.

नाशिकला समुद्र नाही. मासा मुंबईहून थर्माकोलच्या पेटीत कसारा घाट चढून येतो. मला दोन तुकड्या, मिळून साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास, हजाराच्या वर पडतात. म्हणजे महिन्यातून दोनदा, फार तर तीनदा. प्रत्येक खेपेला आधी विचार करावा लागतो आणि त्याचा फायदाच होतो.

२९ नोव्हेंबर

कागदी लिंबू. आई रत्नागिरीची, त्यामुळे लहानपणापासून हाताला एकच सवय आहे: मासा धुतला की हळद, मीठ, लिंबू, अर्धा तास. तीच सवय इथे आणली आणि वर ‘सिट्रस मॅरिनेड’ म्हणून दोन लिंबांचा पूर्ण रस काचेच्या भांड्यात ओतून तुकड्या चाळीस मिनिटं बुडवून ठेवल्या.

झाकण काढलं तेव्हा कडा पांढुरक्या गुलाबी झाल्या होत्या, उकडलेल्या कोळंबीसारख्या. मांसाच्या शिरा एकमेकींपासून सुटू लागल्या होत्या. तव्यावर टाकल्यावर पाणी सुटलं, रंग आलाच नाही, आणि तोंडात बाहेरचा अर्धा सेंटिमीटर खडूसारखा पिठूळ लागला. आतला भाग चांगला होता, म्हणून जास्तच वाईट वाटलं.

कारण सरळ आहे. आम्लामुळे प्रथिनांची घडी उलगडते, उष्णतेने उलगडते तशीच. म्हणजे तव्यावर जाण्याआधीच माशाची बाहेरची बाजू एकदा ‘शिजली’ होती, मग आम्ही ती पुन्हा शिजवली. (पण हे शिजणं फक्त पोताचं. आम्लाने जंतू किंवा कृमी खात्रीने मरत नाहीत, म्हणून लिंबात मुरवलेला कच्चा मासा सुरक्षित झाला असं धरू नका.)

आईने ताट बाजूला सारलं नाही, तुकडी संपवली, आणि मग म्हणाली, “अरे, लिंबू वास मारायला लावायचं असतं. मासा बुडवायला नाही. मी अर्धा किलोला एक फोड पिळते.”

खरंच आहे. समुद्री माशाला जो उग्र वास येतो तो बराचसा ट्रायमिथाइल अमाइनचा, आणि ते क्षारधर्मी असतं. आम्लाचा हलका हात लागला की ते बांधलं जातं आणि नाकापर्यंत पोचत नाही. त्याला चमचाभर रस पुरतो.

७ डिसेंबर

मोसंबी. विचार असा की लिंबाच्या रसात सायट्रिक आम्ल ६ टक्क्यांच्या आसपास असतं, संत्र्यात एक टक्क्याच्या आगेमागे, मोसंबीत त्याहूनही कमी. मग मोसंबीत रात्रभर ठेवायला काय हरकत? जालन्याकडची मोसंबी, पातळ सालीची. रस, आलं, मिरं, मीठ. फ्रीजमध्ये दहा तास.

पोत बिघडलं नाही. चव कडू झाली. सगळा तुकडा जिभेच्या मागच्या बाजूला कडवट.

दोन दिवस कारण शोधत होतो आणि ते रसवंतीवरच सापडलं. मोसंबीचा रस काढल्या काढल्या प्या, असं ज्यूसवाला सांगतो ते उगाच नाही. अख्ख्या फळात जे द्रव्य कडू नसतं, त्यातून रस काढल्यावर आम्लामुळे हळूहळू लिमोनिन तयार होतं, आणि ते कडू. तासा-दोन तासांत फरक कळतो. मी ते दहा तास माशात मुरू दिलं होतं.

इथे मी वहीत एक ओळ लिहिली: रस हा शेवटच्या दहा मिनिटांचा माल आहे.

१४ डिसेंबर

या दिवसाबद्दल जास्त लिहिणार आहे.

गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. तिथे नागपूरच्या संत्र्यांचे ढीग लागले होते, आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला उतरणारा माल. मी एक फळ उचलून नखाने साल जराशी दाबली आणि बोटांना जो वास आला तो घरी येईपर्यंत, हात धुतल्यावरही, टिकला. रसाचा वास असा टिकत नाही. लहानपणी संत्र्याची साल दिव्याच्या ज्योतीजवळ वाकवून पिळायचो आणि तडतड ठिणग्या उडायच्या, आठवतंय का? ते सालीतलं तेल. सुगंध तिथे आहे. रसात आंबटगोडपणा आहे, सुगंध थोडाच.

आणि ते तेल पाण्यात विरघळत नाही, चरबीत विरघळतं. शंभर ग्रॅमला १३ ग्रॅम चरबीवाला मासा समोर असताना मी इतके दिवस त्याला पाण्यासारखा रस पाजत होतो.

नागपुरी संत्र्याची साल ढिली आणि मऊ असते, किसणीवर दबते, फाटते. त्यावर उपाय: फळ गरम पाण्याने चोळून धुवायचं (साल खायची असेल तर हे टाळू नका), पुसायचं आणि वीस-पंचवीस मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवायचं. कडक झालं की बारीक किसणीवर हलक्या हाताने, एका जागी एकदाच. केशरी रंग गेला की थांबायचं, खालचा पांढरा थर कडू असतो. कीस लगेच खलबत्त्यात टाकून चमचाभर मीठ आणि पाव चमचा साखरेबरोबर ठेचायचा. मिठाचे खडे सालीच्या पुटकुळ्या फोडतात. दोन मिनिटांत मीठ ओलसर केशरी होतं आणि स्वयंपाकघरभर वास सुटतो.

दोन तुकड्यांना एका संत्र्याचा कीस, अर्ध्या लिंबाचा कीस, ठेचलेलं मीठ, जाडसर मिरं, एक मोठा चमचा सूर्यफुलाचं तेल. रस एक थेंबही नाही. चार तास फ्रीजमध्ये. (घाण्याचं शेंगदाणा तेलही एकदा वापरलं. एरवी मला ते फार आवडतं, पण इथे त्याचा वास सालीच्या वर चढतो.)

चार तासांनी मांस तसंच चकचकीत, घट्ट, केशरी. कडा पांढऱ्या नाहीत. शिजवल्यावर पहिल्या घासात संत्र्याचा वास आतून आला, वरून शिंपडल्यासारखा नाही. आईने विचारलं, “आज रस लावलास ना?” नाही म्हटलं तर तिला खरं वाटेना.

२१ डिसेंबर

मुरवण तेच, लक्ष तव्यावर.

बिडाच्या तव्यावर लिंबूवर्गी काही करू नका. मधल्या एका खेपेला शेवटी रस तव्यातच ओतला होता, तर वर्षभर जपलेला काळा थर एका ठिकाणी निघाला आणि रसाला लोखंडी चव आली. आता जाड बुडाचं स्टीलचं भांडं वापरतो.

मुरवण कातडीला लावायचं नाही. कातडी कागदाने टिपून कोरडीठाक करायची, भांडं थंड असतानाच तुकडी कातडी खाली ठेवायची, मग गॅस मध्यमपेक्षा कमी. पहिला मिनिटभर कालथ्याने हलकं दाबून धरायचं, नाहीतर कातडी आखडते. अडीच सेंटिमीटर जाडीला सहा-सात मिनिटं. बाजूने पाहिलं की फिका रंग खालून वर चढताना दिसतो. तो पाऊण उंचीवर आला की उलटायचं, मिनिट-दीड मिनिट, बस.

वर साचणारा पांढरा साका अनेकांना चरबी वाटतो. ते प्रथिन आहे, अल्ब्युमिन. आच जास्त झाली की मांस आकसतं आणि ते बाहेर पिळलं जातं. आच कमी ठेवून अर्धं काम झालं. उरलेलं झालं मिठाच्या पाण्याने: लिटरला ५० ग्रॅम मीठ, थंड पाण्यात पंधरा मिनिटं, मग टिपून मुरवण. असं केलं तर खलबत्त्यातलं मीठ चमच्यावरून चिमटीवर आणा. मी विसरलो होतो आणि खारट झालं.

थर्मामीटर घेतलाय, आता त्याच्याशिवाय करत नाही. माझी तुकडी ५२ अंशांवर उतरवतो, मध्यभागी मऊ राहते. आईची ६३ अंशांपर्यंत नेतो. अमेरिकेच्या एफडीएने (अन्न-औषध प्रशासनाने) माशासाठी तेवढं सांगितलंय आणि तिच्या वयाला मी त्यात तडजोड करत नाही.

संत्र्याचा रस वेगळ्या कढल्यात आटवतो: एका फळाचा रस, दोन चमचे उरेपर्यंत. त्यात साखर असते, माशावर ओतून तव्यावर ठेवला तर मासा शिजायच्या आधी रस जळतो. गॅस बंद करून लोण्याचा छोटा तुकडा आणि लिंबाचे सात-आठ थेंब. हे ताटात, माशाखाली. वर घातलं तर कुरकुरीत कातडी मऊ पडते.

३ जानेवारी

आज करायचा होता, केला नाही. पाकिटात बर्फाचे मोठे स्फटिक होते आणि तळाशी गुलाबी पाणी गोठलेलं. मासा वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलेला. फ्रीजमध्ये सोडवल्यावर बोट लावताच शिरा सुट्या झाल्या, वासही बरा नव्हता. विकणाऱ्याने “असाच असतो” म्हणून फोन ठेवला. असा नसतो. चांगल्या तुकडीवर बोट दाबून उचललं की खळगा भरून येतो. पैसे गेले, पण कुठल्याही सालीने तो मासा झाकायचा प्रयत्न केला नाही, तुम्हीही करू नका. आणि व्हॅक्यूम पाकीट असेल तर सोडवायला ठेवण्याआधी ते कापून उघडा. बंद, हवा नसलेल्या पाकिटात नको ते जंतू वाढायला वाव मिळतो.

११ जानेवारी

थंडी कडाक्याची, निफाडकडचे आकडे रोज पेपरात. आईला वाफाळतं काहीतरी हवं होतं. मोदकपात्र काढलं.

गॅलरीतल्या कुंडीत लिंबाचं रोप आहे. फळ धरत नाही, पण पानं भरपूर. दहा-बारा पानं हाताने चुरगाळून चाळणीत अंथरली, वर सालीत मुरवलेल्या तुकड्या, झाकण. आठ मिनिटं. पानांचा वास सालीपेक्षा हिरवा, जरा गवताकडे झुकणारा. गरम भात, वर ती तुकडी, बाजूला आटवलेला रस. तव्यावरची कातडी मला जास्त आवडते, पण मुरवण किती खोल गेलंय हे पाहायचं असेल तर वाफवून बघा. लपायला काही उरत नाही.

जेवताना आई म्हणाली, “हा मासा बांगड्यासारखा तेलकट आहे रे. तू याला रावसासारखं का वागवतोस?”

मी जेवता जेवता थांबलो. नावात सॅल्मन, म्हणून रावसाच्या वाटेने गेलो होतो. चरबीकडे पाहिलं असतं तर पहिल्याच दिवशी बांगडा आठवला असता. आणि बांगड्याला, तारलीला कोकणात काय घालतात? तिरफळ, सुकवून मसाल्यासारखं वापरायचं छोटं फळ. आईच्या डब्यात गेल्या वर्षीची होती, गावाहून आलेली.

१८ जानेवारी

तिरफळ आणि लिंबू एकाच कुळातली, रुटेसी. सुक्या तिरफळाच्या टरफलाला नाक लावलं की लिंबाच्या सालीची ओळख पटते, मग मागून तो जिभेला झिणझिण्या आणणारा तिखटपणा.

आतली काळी बी काढून टाकायची, ती कामाची नाही. टरफलं मिठाबरोबर खलबत्त्यात दोन-तीन ठोके, पूड नाही. मग संत्र्याचा कीस, तेल, आणि चार तास. लिंबाचा कीस या वेळी काढून टाकला, तिरफळाने ती जागा भरली. वर मिरंही नाही. शिजवणं २१ डिसेंबरसारखंच. आटवलेल्या रसात लोण्याऐवजी एक आमसूल टाकून पाहिलं, आईच्या सांगण्यावरून, आणि आता लोणी पुन्हा घालेन असं वाटत नाही.

पहिल्या घासाला संत्रं, मग माशाचा स्निग्धपणा, आणि गिळल्यावर ओठांवर हलकी झिणझिण. आईने कातडीसकट सगळं खाल्लं आणि उरलेला रस भातावर ओढून घेतला.

प्रमाण टिपून ठेवा: साडेतीनशे ग्रॅमला चार तिरफळं. आधी एका तुकडीच्या कोपऱ्यावर जास्त लावून पाहिली होती, तिथे संत्र्याचा वास पार दबला.