गज श्वास कधी घेतो?

व्हायोलिनची एक गोची आहे: त्याला दम लागत नाही. गाणारा कुठे ना कुठे थांबतोच, सनईवालाही गाल फुगवून का होईना हवा घेतोच. आपलं काय, गज टोकाला पोचला की उलटा फिरवायचा, सूर चालूच. मी कित्येक वर्षं असंच वाजवलं. गुरुजींचं एकच पालुपद असायचं, "आधी गा, मग वाजव." मी गायचे, निदान गायल्यासारखं करायचे. व्हायोलिन खांद्याला लागलं की पुन्हा तेच, सलग, अखंड, समोरच्याला बोलू न देणाऱ्या माणसासारखं.

मग कधीतरी रेजिना कार्टर या अमेरिकन जॅझ व्हायोलिनवादिकेबद्दल वाचलं आणि एका प्रसंगापाशी अडकून बसले. मिशिगनमधल्या ओकलंड विद्यापीठात ती जॅझ शिकायला गेली, तेव्हा मार्व्हिन हॉलिडे या शिक्षकांनी तिला बिग बँडमध्ये, म्हणजे मोठ्या जॅझ वाद्यवृंदात, कुठे बसवलं, तर आल्टो सॅक्सोफोनवाल्यांच्या रांगेत. त्यांचेच सूर वाजव, ते श्वास घेतील तिथे तूही घे. हे वाचलं आणि मला आमचे गुरुजीच आठवले. शब्द वेगळे, पण दोघंही एकच सांगत होते.

रेजिना मूळची डेट्रॉइटची. चौथ्या वर्षी सुझुकी पद्धतीनं व्हायोलिन सुरू. या पद्धतीत मूल आधी कानानं शिकतं, नोटेशन नंतर येतं. तिच्या कारकिर्दीचं अर्धं गुपित इथेच आहे असं मला वाटतं. ऑर्केस्ट्रात नोकरी म्हणजे पक्की नोकरी, म्हणून आईची इच्छा तशी होती आणि मुलगीही त्याच वाटेनं निघाली होती. पण शाळेत कार्ला कुक नावाची मैत्रीण होती, जी पुढे स्वतः जॅझ गायिका झाली. तिनं रेजिनाला स्टेफान ग्रापेली आणि झाँ-ल्युक पोंटी हे फ्रेंच जॅझ व्हायोलिनवादक ऐकवले. पुढे ग्रापेलींना प्रत्यक्ष ऐकलं आणि ऑर्केस्ट्राची नोकरी मागे पडली. बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत ती गेली होती ती शास्त्रीय व्हायोलिनसाठी. मग तिथून परत मिशिगन आणि सॅक्सोफोनची ती रांग.

पुढचं भराभर सांगते. काही काळ शाळेत शिकवणं, दोन वर्षं जर्मनीत, तिथे पोटासाठी एका कुटुंबातली मुलं सांभाळणं आणि अमेरिकन लष्करी तळावर व्हायोलिनच्या शिकवण्या. डेट्रॉइटला परतल्यावर 'स्ट्रेट अहेड' हा फक्त बायकांचा जॅझ बँड. 1991 मध्ये न्यू यॉर्क. तिथे अरीथा फ्रँकलिनपासून डॉली पार्टनपर्यंत कुठल्याही गायिकेच्या मागे वाजवायची तयारी. 1997 मध्ये ट्रम्पेटवादक विंटन मार्सालिसच्या 'ब्लड ऑन द फील्ड्स' या मोठ्या जॅझ रचनेचा दौरा. 'कारकीर्द' हा शब्द ऐकताना जेवढा रुबाबदार वाटतो, तेवढी जगताना ती क्वचितच असते. मुलं सांभाळण्याची ती दोन वर्षं म्हणूनच मला फार आवडतात.

आता गजाकडे वळते. 'फ्यूजन' हा शब्द मला नकोसा होतो, कारण त्यात दोन गोष्टी एकमेकींना चिकटवल्याचा भास होतो. प्रत्यक्षात फरक किती बारीक असतो ते बघा. आठ सुरांची एक साधी चढती ओळ घ्या, एका ठोक्याला दोन सूर. पाश्चात्त्य शास्त्रीय वादक दोन-दोन सूर एका गजात बांधतो तेव्हा सहसा प्रत्येक जोडी ठोक्यावर सुरू होते. जॅझवाला पहिला सूर एकटा सोडून देतो आणि दुसऱ्यापासून जोड्या बांधतो. म्हणजे गज फिरतो तो ठोक्यावर नाही, दोन ठोक्यांच्या मधे. सूर तेच, बोटं तीच, पण ओळ एकदम झुलायला लागते. कंपाचंही तसंच. ऑर्केस्ट्रात सुराला जन्मापासूनच कंप असतो. जॅझमध्ये लांब सूर बऱ्याचदा आधी कोरा धरतात आणि विझता विझता हलवतात. आपल्याकडे तर सूर आधी स्थिर लागला पाहिजे, नाहीतर गुरुजींची भुवई वर गेलीच म्हणून समजा.

मी हे करून पाहिलं. डावा हात लगेच तयार झाला. उजवा हात ऐकेना. वीस-बावीस वर्षांची सवय मनगटात बसलेली असते, तिला वर फिरायचं म्हणजे समेवरच फिरायचं असतं. तिसऱ्या दिवशी गज तारेवरून घसरून घोडीवर आदळला आणि राळेची पांढरी भुकटी अंगभर उडाली.

रेजिनाची सगळ्यात गाजलेली गोष्ट इटलीतल्या जेनोआची. एकोणिसाव्या शतकातला विख्यात व्हायोलिनवादक पागानिनी, त्याचं 'इल कानोने', म्हणजे 'तोफ', हे ग्वार्नेरीनं 1743 साली घडवलेलं व्हायोलिन. पागानिनीनं मृत्युपत्रात ते आपल्या जन्मगावाला दिलं आणि जेनोआ नगरपालिका ते आजही देवघरातल्या मूर्तीसारखं जपते. 11 सप्टेंबरच्या हल्ल्यानंतर अमेरिकेशी आपुलकी दाखवण्यासाठी त्यांनी रेजिनाला ते वाजवायला बोलावलं. डिसेंबर 2001. त्याआधी कुठल्याही जॅझ वादकानं किंवा आफ्रिकन-अमेरिकन कलाकारानं ते वाजवलं नव्हतं. जॅझ वाजवून व्हायोलिन बाटेल, अशी कुरकुर करणारेही होते. सोवळं-ओवळं म्हणजे काही फक्त आपलीच मिरास नाही, हे वाचून मला जरा बरंच वाटलं!

नंतर त्याच व्हायोलिनवर तिनं 'पागानिनी: आफ्टर अ ड्रीम' केलं, 2003 साली आलं. फोरे, राव्हेल, देब्युसी यांच्या रचना, शिवाय पियात्सोला. लोक याच अल्बमचं कौतुक करतात. मला तो थोडा जास्तच गुळगुळीत वाटतो. वाद्याचा खर्ज मात्र असा आहे की सगळ्यात जाड तारेवर ती उतरली की कानाच्या आधी छातीला कळतं.

माझा जीव अडकलाय तो 2010 च्या 'रिव्हर्स थ्रेड' या अल्बममध्ये. 2006 मध्ये तिला मॅकआरथर फेलोशिप, म्हणजे अमेरिकेतली एक मानाची आर्थिक शिष्यवृत्ती, मिळाली होती. या अल्बमसाठी तिनं आफ्रिकेतली लोकगीतं, गावागावांत जाऊन केलेली ध्वनिमुद्रणं शोधून काढली. पहिली रचना 'हिवुम्बे अवुम्बा' युगांडातल्या ज्यू समाजाच्या गाण्यावरची आहे. अल्बममध्ये सोबतीला याकूबा सिसोकोचा कोरा, म्हणजे पश्चिम आफ्रिकेतलं छेडून वाजवायचं तारवाद्य, आणि ॲकॉर्डियन. कोऱ्याचा सूर छेडला की लगेच विरतो, ॲकॉर्डियन भात्यावर चालतं, आणि या दोघांच्या मधे गज. कोरा बोलत असताना ती चक्क गप्प बसते. मग एकच सूर, कोरा, बिनकंपाचा, जेमतेम टेकवलेल्या गजाचा. (कोरा वाद्य आणि कोरा सूर, या श्लेषाबद्दल माफी.)

2014 मध्ये 'सदर्न कम्फर्ट' हा अल्बम करताना ती स्वतःच्याच घरी पोचली. वडिलांचे वडील अलाबामात कोळशाच्या खाणीत कामगार होते. ते ज्या काळात जगले त्या काळात तिथे काय गायलं जात असेल, हे शोधायला तिनं ॲलन लोमॅक्स आणि जॉन वर्क यांनी गोळा केलेली जुनी ध्वनिमुद्रणं ऐकली. त्यात न शिकलेले गळे आहेत. दम संपला की ते ओळ मधेच तोडतात, पुढच्या ठोक्याची वाट बघत नाहीत. रेजिनाचा गज नेमका तिथेच तुटतो. बॉस्टनमध्ये हे कुणी शिकवलं नसेल.

हल्ली रियाजाच्या शेवटी मी पंधरा मिनिटं एक सॅक्सोफोनचा तुकडा लावते आणि त्याच्याबरोबर फक्त श्वास घेते, व्हायोलिन मांडीवर. मग तेच यमनमध्ये, गज हातात घेऊन. आठ आवर्तनांत दोनदा जमतं, बाकी वेळा गज आपल्याच तंद्रीत पुढे निघून जातो. परवा रेकॉर्ड करून ऐकलं, तर व्हायोलिनपेक्षा माझ्या नाकाचाच आवाज मोठा. आता मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवते.