आजींना पुढच्या रांगेत बसवा

गुरुवार, रात्री उशिरा

लहान मुलांच्या ग्रंथपालांची परिषद कसिनोत भरते, हे साताऱ्याच्या ताईला फोनवर सांगितलं तर तिला आधी खरंच वाटेना. पण अटलांटिक सिटीचा कारभारच तसा आहे. १९७६ साली न्यू जर्सीच्या मतदारांनी फक्त या एका गावापुरता कसिनोंना कौल दिला, १९७८ मध्ये पहिला उघडला, आणि आता मोठी सभागृहं नि शेकड्यांनी खोल्या या हॉटेलांकडेच. शनिवार-रविवार सोडला की खोल्या स्वस्त पडतात. राज्यातल्या शिक्षकांचं अधिवेशनही याच गावात भरतं. तर सकाळी गळ्यात बिल्ला, खांद्यावर कापडी पिशवी आणि पिशवीतून मान बाहेर काढलेला हातमोज्याचा मोर, अशा थाटात मी स्लॉट मशिनींच्या रांगांमधून वाट काढत निघाले. इतक्या सकाळी खेळायला बसलेल्या एका आजोबांनी मोराकडे बघून मान डोलावली. बहुधा रात्रभर उठलेच नसावेत.

माझा विषय होता द्विभाषिक स्टोरीटाइम, म्हणजे वाचनालयात लहानग्यांना गोष्टी-गाणी ऐकवायचा कार्यक्रम, तोही दोन भाषांत. प्रस्ताव पाठवताना शीर्षक चांगलं भारदस्त ठेवलं होतं, कारण निवड समितीला तसंच आवडतं. प्रत्यक्षात मला सांगायचं होतं ते एका ओळीचं: सकाळच्या कार्यक्रमाला बाळांना घेऊन कोण येतं, ते एकदा नीट बघा.

न्यू जर्सीतला ओक ट्री रोड म्हणजे भारतीय दुकानांचा रस्ता, तिथून आमचं वाचनालय फार लांब नाही. आठवड्यातल्या मधल्या दिवशी साडेदहाला आई-बाबा दोघं कामावर असतात. बाबागाडी ढकलत येतात त्या आजी, कधी आजोबा. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या, हातात फार तर सहा महिने. साडीवर लेकीचं जुनं जॅकेट, पायात सुनेचे स्नीकर्स. मूल गालिच्यावर बसतं आणि आजी भिंतीकडच्या खुर्चीत. इंग्रजी गाण्याला टाळी वाजवतात, बाकी गप्प. महिनाअखेरीच्या अहवालात मी दोन रकाने भरते, मुले इतकी आणि मोठी माणसे इतकी. त्या दुसऱ्या रकान्यात सगळ्या आजी जमा होतात, लग्नात आहेराच्या वहीत ‘पाकीट’ एवढंच लिहितात तशा.

मी एकदा एका काकूंना सरळच विचारलं, “तुम्ही घरी बाळाला कसं खेळवता?”

“अगं, ते काय इथे करायचं? एवढ्या लोकांत?”

“इथेच करा.”

दोन-तीनदा नाही म्हणून झाल्यावर गालिच्यावर आल्या, मांडी घातली, नातवाचा तळहात उघडला. बोटाच्या टोकाने त्यावर मोराला बसवलं, चारा घातला, पाणी पाजलं आणि भुर्रकन डोक्यावरून उडवून लावलं. नातू खिदळला, ते तर होणारच होतं. पण शेजारच्या तमिळ पाटीही, म्हणजे त्यांच्याकडच्या आजी, खुर्ची सोडून खाली आल्या. त्यांच्याकडे तळहातापासून खेकडा चालत निघतो, मागून कोल्हा, आणि दोघं मिळून काखेत गुदगुल्या करतात. दोघी आज्यांना एकमेकींची भाषा येत नाही. काकूंनी खेकड्याची बोटं लगेच उचलली. मी नुसती बघत उभी होते आणि माझ्या हातातलं चित्रांचं पुस्तक तसंच मिटलेलं.

आजच्या भाषणात हे सांगायचं तर आधी पुरावा हवा, नाहीतर गोड आठवण म्हणून लोक टाळ्या वाजवतात आणि विसरतात. म्हणून ‘एव्हरी चाइल्ड रेडी टू रीड’ घेतलं. इथल्या सार्वजनिक वाचनालयांच्या आणि बालसेवेच्या संघटनांनी मिळून २००४ मध्ये हा कार्यक्रम आणला आणि २०११ मध्ये नव्याने मांडला. बोला, गा, वाचा, लिहा, खेळा: वाचायला शिकण्याआधीच्या पाच गोष्टी. यूथ सर्व्हिसेसमधल्या, म्हणजे वाचनालयाच्या मुलांच्या विभागातल्या, प्रत्येकीला हे पाढ्यासारखं पाठ असतं. आई-बाबांना आम्हीच सांगतो की तुम्हाला जी भाषा सगळ्यात सहज येते, तिच्यात मुलाशी बोला. सांगतो इंग्रजीतून, आणि ती भाषा सगळ्यात सहज येणारी बाई खुर्चीवर गप्प बसलेली असते!

दुसरा आधार पुरा बेलप्रे यांचा. त्या पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आल्या आणि १९२१ मध्ये न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत लागल्या. पुढे हार्लेममधल्या शाखांतून स्पॅनिश आणि इंग्रजी दोन्हींत गोष्टी सांगू लागल्या, स्वतः बाहुल्या करून. त्यांना सांगायच्या होत्या त्या कथा वाचनालयात एकाही पुस्तकात नव्हत्या. लहानपणी आजीकडून ऐकलेल्या होत्या. त्यातली एक त्यांनी १९३२ मध्ये छापून आणली. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९९६ पासून देतात, सभागृहात तो सगळ्यांना माहीत होता. आजीचा भाग बऱ्याच जणींना नवा होता, चेहऱ्यांवरून कळलं.

माझी वेळ जेवणानंतरची, आणि त्याच वेळी शेजारच्या दालनात ‘किशोरवयीन मुलं नि व्हिडिओ गेम’ या विषयावरचं भाषण. तिकडे लोक भिंतीला टेकून उभे होते. माझ्याकडे मागच्या खुर्च्या रिकाम्या, पण पुढे भरलेल्या. पाचव्या मिनिटाला स्लाइड थांबवली आणि सगळ्यांना शेजारणीचा हात धरायला लावला. मोठमोठ्या वाचनालयांच्या विभागप्रमुख, दोन शाळांचे ग्रंथपाल, सगळे तळहात उघडून बसलेत आणि त्यावर मोर चारा टिपतोय! एकीने आधी लाजून हात मागे घेतला, मग तीच सगळ्यात मोठ्याने भुर्र म्हणाली. नंतर विचारलं, पाचांपैकी यात काय काय आलं? बोलणं, गाणं, खेळणं लगेच आलं. मागून कोणीतरी म्हणालं, लिहिणंही, पेन्सिल धरायला लागते तशी बोटाची चिमूट झाली ना. हे माझ्या टिपणात नव्हतं. पुढच्या वेळी माझंच म्हणून सांगीन.

पुस्तकं कुठून आणायची, हा प्रश्न येणार हे माहीत होतं. चेन्नईचं तुलिका प्रकाशन मराठी-इंग्रजी एकत्र छापतं. प्रथम बुक्स या प्रकाशनाचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, तिथल्या गोष्टी खुल्या परवान्यावर आहेत, उतरवून घ्या, छापा, मुलांना वाटा. हे सांगताच पेनं निघाली. कॅटलॉगचं रडगाणं मात्र मी थोडक्यात आटपलं. आमच्याकडे मराठी पुस्तकांची नावं रोमन लिपीत दिसतात, अक्षरांच्या डोक्यावर आडव्या रेघा आणि पायाशी टिंबं. काकूंनी पडद्यावर ते बघून विचारलं होतं, “हे गं कुठल्या देशातलं?” आता मी मुखपृष्ठांचे छोटे फोटो एका कागदावर छापून तो कपाटाच्या कडेला चिकटवलाय. आजी बोट ठेवून पुस्तक मागतात. तंत्रज्ञान वगैरे काही नाही, पण चालतं.

सभागृह खरं जागं झालं ते प्रश्नांच्या वेळी. नेवार्कच्या आयर्नबाउंडमधली पोर्तुगीज वस्ती, पॅलिसेड्स पार्कमधले कोरियन आजोबा, सगळ्यांकडे कोणी ना कोणी खुर्चीवर गप्प बसलेलं होतंच. मग एक अनुभवी बाई उठल्या. म्हणाल्या, मला न कळणाऱ्या भाषेत माझ्या कार्यक्रमात कोणी काय म्हणतंय, याची जबाबदारी कोणावर? आणि स्वयंसेवक म्हटलं की अर्ज आला, पार्श्वभूमीची तपासणी आली. मी सांगितलं, आजी स्वयंसेवक नसतातच. कार्यक्रमाला आलेल्या वाचक असतात, दोन मिनिटं मध्यभागी येतात आणि परत जागेवर जातात. काय म्हणणार ते मी आधी ऐकून अर्थ विचारून घेते. दर आठवड्याला एकच आजी पूर्ण कार्यक्रम घ्यायला लागली तर मात्र कागदपत्रं करावीत. बाईंना पटलं नाही. “तुमच्याकडे अर्थ विचारायला मराठी येते,” म्हणाल्या. मुद्दा चुकीचा नाही, पण तमिळ मला कुठे येतं? खेकडा आणि कोल्हा पाटींच्या नातीने इंग्रजीत सांगितले, वय वर्षं सहा. दुभाषी नेहमी खोलीतच असतो, फक्त उंचीने कमी असतो. हे उत्तर मला परतताना गाडीत सुचलं, पार्कवे या महामार्गाला लागल्यावर. अशी उत्तरं तिथेच सुचतात.

शेवटचा प्रश्न एका नवख्या मुलीचा, नुकतीच इथल्या रटगर्स विद्यापीठातून पदवी घेऊन बाहेर पडलेली. “सहा महिन्यांनी आजी परत जातात, मग?”

हा माझ्या मांडणीतला खड्डाच आहे, आणि मी त्यावरून चादर घालून पुढे गेले होते. आमच्याकडे बहुतेक जणी एप्रिल-मे मध्ये येतात आणि दिवाळीला घरी पोचायचं म्हणून थंडीआधी निघतात. जानेवारीत गालिच्यावर तीच मुलं, सोबत डेकेअरची ताई किंवा सुट्टी काढलेले बाबा. बाबांना विचारलं तर म्हणतात, आईला फोन करून विचारतो. मग फोनच का लावू नये? हिवाळ्यात आमचे साडेदहा म्हणजे तिकडे रात्रीचे नऊ. वाचनालयाच्या मोठ्या पडद्यावर व्हिडिओ कॉल, आजी तिकडून मोर उडवणार, बाबा इकडे तळहात धरणार. मुलीला तिथल्या तिथे हे सांगून टाकलं, आणि आता करून बघावं लागणार.

सोमवारी संचालिकेशी बोलते. कॅमेऱ्यात बाकीच्या मुलांचे चेहरे येता कामा नयेत, ही हरकत ती पहिल्यांदा घेईल आणि बरोबरच घेईल. त्यावर कॅमेरा फक्त माझ्याकडे ठेवायचा, असं ठरवलंय. दुसरी हरकत काकूंची असणार. त्यांना आज परत येता येता मेसेज टाकला होता, उत्तर आत्ताच आलं: नऊला मालिका असते गं, साडेनऊ चालेल का?