सिगसेगव्ही पकडताना: माझा अनुभव

आमचं युनिट बेळगावात उद्यमबागला, मशीनींचा काउंट घेणारा सी प्रोग्रॅम मी लिहिलाय, लिनक्सवर चालतो. पावसाळ्यात एकदा रात्री दीडला ऑपरेटरचा फोन, "सर, परत थांबलंय बघा की." मी खानापूरला घरी. सकाळी येऊन बघतो तर एक्झिट कोड १३९, म्हणजे १२८ अधिक ११ (सिग्नलने पडला की १२८ मध्ये सिग्नलचा नंबर मिळवलेला असतो), आणि ११ नंबरचा सिग्नल म्हणजे सिगसेगव्ही, सेगमेंटेशन फॉल्ट: प्रोग्रॅमने नको त्या मेमरीला हात लावला. कुठल्या ओळीवर पडला ते काहीच कळेना.

मग हँडलर लावला, म्हणजे सिग्नल आला की चालणारं फंक्शन, आत प्रिंटएफने लॉगमध्ये ओळ छापून सरळ रिटर्न. दुसऱ्या दिवशी डिस्क फुल्ल! हँडलर परतला की सीपीयू तीच चुकलेली इन्स्ट्रक्शन परत चालवतो, परत फॉल्ट, परत हँडलर, रात्रभर तेच. शिवाय प्रिंटएफ तिथं भरवशाचं नाही, कारण फॉल्ट मॅलॉकच्या, म्हणजे मेमरी मागायच्या फंक्शनच्या, आत झाला तर लॉक आधीच धरलेला असतो आणि प्रिंटएफने परत मॅलॉक मागितलं की प्रोग्रॅम तिथंच अडकून बसतो, पडणं परवडलं पण हे नको. म्हणून फक्त लिनक्सचा थेट राइट कॉल वापरला, तो सेफ आहे.

मुद्दाम न थांबणारं रिकर्शन करून, म्हणजे फंक्शनला स्वतःलाच बोलवत ठेवून, टेस्ट केली तर हँडलर आलाच नाही. स्टॅकच, म्हणजे फंक्शनना चालायला लागणारी मेमरी, संपलाय तर हँडलर उभा कुठं राहणार? सिगऑल्टस्टॅकने वेगळी जागा दिली, हँडलर लावायच्या सिगॲक्शन कॉलमध्ये ती जागा वापरायचा ऑनस्टॅक फ्लॅग लावला, तेव्हा कुठं आला.

मग खरा क्रॅश सापडला. हँडलरला मिळणाऱ्या सिगइन्फोमधला, फॉल्ट झालेल्या मेमरीचा पत्ता ०एक्स१८ (हेक्समध्ये), म्हणजे २४. एवढा लहान पत्ता दिसला की समजायचं, नल पॉइंटरवरून, म्हणजे शून्य पत्त्यावरून, स्ट्रक्टमधलं (रेकॉर्डमधलं) २४व्या बाइटचं फील्ड वाचायला गेलोय. रजिस्टरमधला इन्स्ट्रक्शनचा पत्ता ॲडर२लाइनला, म्हणजे पत्त्यावरून कोडची ओळ सांगणाऱ्या टूलला, दिला तर थेट ओळ मिळाली, मशीन नंबरवरून रेकॉर्ड शोधायची. नवीन लेथ आली होती, ती रात्रपाळीलाच चालायची आणि तिचा नंबर टेबलमध्ये घातलाच नव्हता! नलचा चेक टाकला, नंबर भरला.

हँडलर मात्र ठेवलाय. प्रोग्रॅम वाचवायला तो नाहीच, मेमरी एकदा बिघडली की पुढचा काउंट खरा कसा मानायचा? तो पत्ता लिहितो, डीफॉल्ट परत लावतो, सिग्नल पुन्हा सोडतो, कोअर डंप (पडतानाच्या मेमरीची फाइल) पडतो आणि लिनक्समधली प्रोग्रॅम सांभाळणारी सिस्टिमडी प्रोग्रॅम नव्याने उठवते.