भिंतीवरचा तो मोठा कोळी नेमका कोणता?

परवा रात्री बाथरूमचा लाईट लावला आणि समोर भिंतीवर तळहाताएवढा कोळी. घरात एकच गोंधळ, कोणी झाडू आणतंय, कोणी स्प्रे शोधतंय, मी म्हटलं थांबा जरा, एक मिनिट बघू तरी द्या, कारण त्याच्या पोटाखाली काहीतरी पांढरं दिसत होतं. जवळ जाऊन बघितलं तर बटणासारखी गोल चपटी पिशवी, पायांनी अगदी घट्ट धरून ठेवलेली. म्हणजे तो नव्हे, ती. अंडी घेऊन बसलेली मादी.

ही हंट्समन, शास्त्रीय नाव हेटेरोपोडा वेनाटोरिया. उष्ण प्रदेशात जगभर घराघरात सापडते. अंग जेमतेम अडीच सेंटीमीटर, पण पाय पसरले की १० ते १२ सेंटीमीटरपर्यंत जाते म्हणून एवढी मोठी वाटते. ओळखायची खूण म्हणजे पाय खेकड्यासारखे दोन्ही बाजूंना पसरलेले, अंग इतकं चपटं की दाराच्या फटीत सहज शिरतं, आणि तोंडावर डोळ्यांच्या खाली एक फिकट आडवी पट्टी. शिकारीसाठी जाळं विणत नाही, रात्री फिरून झुरळं पकडते, त्यामुळे माझ्या मते घरात असलेली चांगलीच.

मला नेहमी लोक फोटो पाठवतात आणि विचारतात की काळा आहे, मोठा आहे, कोणता असेल? खरं सांगायचं तर रंगावरून सुरुवात केली की हमखास चुकतं, एकाच जातीत फिकट आणि गडद दोन्ही असतात, शिवाय नर-मादी वेगळे दिसतात. मी आधी बघते की जाळं आहे का, असेल तर कसं आहे आणि तो त्यावर कसा बसलाय.

बागेत दोन झाडांच्या मध्ये भलंमोठं गोल जाळं असेल आणि उन्हात त्याचे धागे सोनेरी पिवळे चमकत असतील तर ती नेफिला. मादीचं नुसतं अंगच ३ ते ५ सेंटीमीटर, पाय वेगळे. त्याच जाळ्यात कडेला एखादा बारका लालसर कोळी दिसला तर ते पिल्लू समजू नका, बहुतेक तो तिचा नर असतो, अर्धा-पाऊण सेंटीमीटरचा!! जाळ्याच्या मधोमध पांढऱ्या जाड धाग्याची नागमोडी फुली असेल आणि कोळी दोन-दोन पाय जोडून त्या फुलीवरच बसला असेल तर तो सिग्नेचर स्पायडर, म्हणजे आर्जिओपी. या दोघींना मी कधी हलवत नाही, जाळं वाटेत आलं तर मीच वळसा घालून जाते.

जमिनीवर पळणारा, करड्या रंगाचा असेल तर वुल्फ स्पायडर असू शकतो. रात्री टॉर्च आपल्या डोळ्यांजवळ धरून गवतावर मारा, त्यांचे डोळे हिरवट चमकतात, दवाचा थेंब वाटतो पण जवळ गेलं की पळतो :) यातली मादी अंड्यांची गोल गोळी मागच्या टोकाला चिकटवून ओढत नेते आणि पिल्लं बाहेर आली की सगळी तिच्या पाठीवर चढून बसतात. हंट्समन पिशवी पोटाखाली धरते, ही मागे लावते, एवढं लक्षात ठेवलं तरी दोघींमधला गोंधळ मिटतो.

पूर्ण केसाळ, जाडजूड पायांचा, बिळाच्या तोंडाशी बसलेला दिसला तर टॅरंटुला असेल, त्याला हात लावू नका, लांबूनच फोटो घ्या.

आणि हो, कोपऱ्यात हलत नसलेला कोळी दिसला तर नीट बघा, कधीकधी ती नुसती टाकलेली कात असते. वरचं झाकण उघडल्यासारखं दिसतं आणि आत पोकळ.

फोटो पाठवताना वरून एक, तोंडाचा एक आणि जाळं असेल तर त्याचा एक असे पाठवा, फ्लॅश मारून एकच धूसर फोटो आला की मलाही काही सांगता येत नाही. बाहेर सोडायचाच असेल तर काचेचा ग्लास वरून ठेवा, खालून पुठ्ठा सरकवा, पाय अडकत नाहीत ना ते बघा, घाई केली की एखादा पाय तुटतो.

बाथरूममधली ती अजून आहे. दिवसा आरशाच्या मागे असते, रात्री बाहेर येते, काल बघितलं तेव्हा पिशवी पोटाशी तशीच होती. स्प्रे मी कपाटात ठेवून दिलाय.