बहाव्याच्या वीस बिया

बियांपासून झाडे वाढवायचे ठरवले, तेव्हा माझ्याजवळ बहाव्याची एक वाळलेली शेंग, झेंडूची मूठभर सुकी फुले, टोमॅटोच्या बियांचे एक पाकीट, डबीत आठ महिने जपून ठेवलेल्या कडुनिंबाच्या बिया आणि माती-पाणी दिले की कोणतीही बी उगवते हा ठाम गैरसमज, एवढे साहित्य होते.

सर्वांत जास्त हौस बहाव्याची होती. हातभर लांब, काळपट, नळीसारखी ती शेंग हलवली की आतल्या बिया खुळखुळत असत. ती ठेचून उघडल्यावर आत नाण्यांच्या चळतीसारखे पातळ पडदे एकापुढे एक लागलेले दिसले, आणि प्रत्येक दोन पडद्यांच्या मधल्या कप्प्यात चिकट काळा गर व एकच चपटी, तपकिरी, चकचकीत बी होती. गर धुऊन काढताना हाताला लागलेला उग्र गोडसर वास दोन दिवस गेला नाही. त्यांतल्या वीस बिया निवडून मी पिशव्यांत पेरल्या, रोज न चुकता पाणी घातले आणि सहा आठवडे वाट पाहिली. एकही उगवली नाही.

शेवटी माती उकरून पाहिली, तर बिया जशा पेरल्या होत्या तशाच निघाल्या. त्या कुजल्या नव्हत्या, फुगल्याही नव्हत्या; पुसल्यावर तर पहिल्यासारख्याच चकाकल्या. नखाने ओरखडा काढू गेले तरी उमटला नाही. सहा आठवडे मी पाणी घालत होते खरी, पण ते बीच्या आत गेलेच नव्हते. बहावा, गुलमोहर, चिंच अशा झाडांच्या बियांचे कवच कठीण असते आणि त्यांतल्या पुष्कळ बियांत पाणी सहजासहजी शिरत नाही. मातीत पडून ऊन-थंडी आणि सूक्ष्मजीव यांमुळे हे कवच हळूहळू झिजते, आणि तेही प्रत्येक बीचे वेगवेगळ्या वेळी, त्यामुळे सगळी रोपे एकाच वाईट हंगामात सापडून नष्ट होत नाहीत. झाडाच्या दृष्टीने ही सोय उत्तम आहे. नवशिक्याचा मात्र ती अंत पाहते.

मग त्याच वीस बिया मी पॉलिशपेपरवर घासल्या. बीचे एक टोक शेंगेला जोडलेले असते आणि अंकुर त्याच बाजूला असतो, म्हणून त्याच्या विरुद्ध बाजूची कड आतला फिकट रंग दिसू लागेपर्यंतच घासायची असते. रात्रभर पाण्यात ठेवल्यावर सकाळी सतरा बिया फुगून जवळजवळ दुप्पट झाल्या होत्या आणि तीन तशाच होत्या. त्या पुन्हा घासाव्या लागल्या. दहाव्या दिवशी मातीतून पहिला कोंब मान वाकवून वर आला, आणि पुढच्या दोन आठवड्यांत चौदा रोपे झाली. गरम पाण्यात बिया टाकून ते पाणी निवेपर्यंत ठेवण्याची पद्धतही मी नंतर गुलमोहरावर करून पाहिली. ती जमते, परंतु पाणी फार गरम असेल तर आतला अंकुरच शिजतो. घासताना आपण कुठवर आलो ते डोळ्यांना दिसते, म्हणून माझा भरवसा पॉलिशपेपरवरच आहे.

कडुनिंबाच्या बाबतीत चूक नेमकी उलटी झाली होती. बी म्हणजे साठवून ठेवायची वस्तू अशी माझी समजूत होती, पण कडुनिंबाच्या बीची उगवणशक्ती फळ पिकून पडल्यावर काही आठवड्यांतच झपाट्याने ओसरते. फणस आणि जांभूळ यांच्या बिया तर पूर्ण सुकल्या की मरतातच. इस्राएलमध्ये मसादा येथे सापडलेली सुमारे 2000 वर्षांपूर्वीची खजुराची बी 2005 साली रुजली, हे मी कौतुकाने वाचले होते. त्याच मापाने मी डबीतल्या कडुनिंबाचा हिशेब केला होता. पुढच्या वेळी ताजी पिकलेली फळे आणून, गर धुऊन, त्याच आठवड्यात बिया पेरल्या, तेव्हा त्या पंधरा दिवसांत उगवल्या.

झेंडूबद्दल सांगण्यासारखे काही नाही. तो चार दिवसांत दाट उगवला आणि विरळणी करताना जिवंत रोपे उपटून टाकायचे तेवढे जिवावर आले.

टोमॅटोने मात्र खरी परीक्षा घेतली. सहाव्या दिवशी ट्रेभर रोपे उभी राहिली, आणि त्या आनंदात मी सकाळ-संध्याकाळ झारीने पाणी घालत राहिले, वरचे प्लास्टिकचे झाकणही काढले नाही. एके सकाळी कोपऱ्यातली पाच-सहा रोपे आडवी पडलेली दिसली. पाने अजून हिरवीगार होती, परंतु देठ नेमका मातीच्या पातळीवर चिमटीत धरून दाबल्यासारखा बारीक आणि पाणचट झाला होता. रोपांना पाणी कमी पडले असे समजून मी आणखी पाणी घातले, आणि तिसऱ्या दिवशी अर्धा ट्रे झोपला. पिथियम, रायझोक्टोनिया अशा मातीतल्या रोगकारकांमुळे होणारी ही रोपांची मर ओलसर, कोंडलेल्या जागी फार वेगाने पसरते, म्हणजे मी तिला हवे ते सगळे पुरवत होते. दुसऱ्या पेरणीला ट्रे घासून धुतला, नवे कोकोपीट घेतले, कोंब दिसताच झाकण काढले आणि वरून पाणी घालण्याऐवजी ट्रे वीस मिनिटे उथळ पाण्यात ठेवून नंतर निथळू दिला. या वेळी मर आली नाही. उजेड कमी पडून रोपे लांबट झाली, हा दोष राहिला. पण पुनर्लागवड करताना देठ बीजपत्रांपर्यंत मातीत पुरता आला, कारण टोमॅटोच्या पुरलेल्या देठाला मुळे फुटतात. रोप उचलताना मात्र पानाला धरावे. पान तुटले तर दुसरे येते, देठ चेंगरला तर रोप गेले.

बहाव्याची रोपे वीतभर झाली, तेव्हा एका पिशवीच्या तळातून मूळ बाहेर डोकावले. पिशवी कापून पाहिली, तर सोटमूळ तळाशी दोन वेढे घेऊन बसले होते. असे गुंडाळलेले मूळ झाड मोठे झाल्यावरही तसेच राहू शकते आणि झाडाचा आधार कच्चा राहतो, म्हणून वेढा कापून त्या रोपासह सगळी रोपे उंच पिशव्यांत हलवली. त्यांतली तीन दगावली, अकरा राहिली.

त्यानंतरच्या कोरड्या हंगामात या अकराही रोपांची पाने पिवळी पडून गळाली आणि मागे नुसत्या काड्या उरल्या. हात झारीकडे गेलाच होता, पण टोमॅटोचा ट्रे आठवला, म्हणून आधी एका काडीची साल नखाने किंचित खरवडून पाहिली. खाली ओला हिरवा रंग होता.